प्रसूतीच्या रजिस्टरातून संशोधन शिकवणारा ‘सॉर्ट-इट’ कोर्स: कुणी करावा, कुठे अडतो

लेबर रूमच्या टेबलावरचं ते आडवं, जाडजूड रजिस्टर महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात दिसेल. नाव, वय, कितवी खेप, प्रसूतीची वेळ, बाळाचं वजन, पुढे कुठे पाठवलं. दिवसरात्र ते भरलं जातं. महिनाअखेरीस त्यातल्या चार बेरजा जिल्ह्याला जातात आणि रजिस्टर संपलं की कपाटावर जाऊन पडतं. ‘सॉर्ट-इट’ हा प्रशिक्षणक्रम अशाच पडून राहिलेल्या नोंदींसाठी आहे. रोजचं काम करणाऱ्या माणसाने स्वतःच्या कामातला एक प्रश्न घ्यायचा, आधीच गोळा झालेल्या नोंदींतून त्याचं उत्तर काढायचं आणि त्यावर निबंध लिहून वर्षभरात तो तज्ज्ञांकडून तपासणी होणाऱ्या एखाद्या नियतकालिकाकडे पाठवायचा. माता-आरोग्य आणि प्रजनन-आरोग्यात काम करणाऱ्यांना हा कोर्स किती उपयोगी पडतो, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे.

कोर्सचं पूर्ण नाव ‘स्ट्रक्चर्ड ऑपरेशनल रिसर्च अँड ट्रेनिंग इनिशिएटिव्ह’. क्षयरोगावर काम करणारी ‘द युनियन’ ही संस्था आणि ‘मेदसाँ सां फ्राँतिए’, म्हणजे एमएसएफ, ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्था, यांनी २००९ साली तो सुरू केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेत असलेल्या ‘टीडीआर’ या संशोधन-प्रशिक्षण कार्यक्रमाने त्याची सूत्रं हाती घेतली आणि आज वापरात असलेलं नाव रूढ झालं. जन्म क्षयरोगाच्या कार्यक्रमात झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोर्सची ताकद तिथून आली आणि माता-आरोग्यात तो जिथे अडखळतो त्याचं कारणही तिथेच आहे.

रचना साधी आहे. एका तुकडीत साधारण १० ते १२ जण आणि दोन-तीन जणांच्या गटामागे अनुभवी मार्गदर्शक. तीन भाग, प्रत्येक जवळपास एका आठवड्याचा. पहिल्या आठवड्यात प्रश्न ठरवून संशोधनाचा आराखडा लिहायचा. दुसऱ्यात माहितीची नोंद, तपासणी आणि विश्लेषण शिकायचं. मग घरी परतून काही महिने प्रत्यक्ष माहिती गोळा करायची आणि तिसऱ्या आठवड्यात निबंध लिहायचा. सगळं मिळून ९ ते १२ महिने. काही तुकड्यांत पहिले दोन आठवडे लागोपाठ होतात. अलीकडे निष्कर्ष सोप्या भाषेत अधिकाऱ्यांपुढे कसे मांडायचे याचा चौथा भागही जोडला जातो. निवड झालेल्यांकडून सहसा फी घेतली जात नाही, खर्च आयोजक आणि देणगीदार उचलतात.

व्याख्यानांचा दर्जा चांगला आहे, पण कोर्स चालतो तो टप्प्यांमुळे. पहिल्या भागानंतर ठरलेल्या मुदतीत आराखडा संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नैतिक समितीकडे गेला नाही, तर पुढच्या भागाला प्रवेश नाही. माहितीची तपासलेली फाइल वेळेवर आली नाही, तर तिसऱ्या आठवड्याचं आमंत्रण नाही. तिसरा भाग संपल्यावर साधारण महिन्याभरात निबंध पाठवलाच पाहिजे. आपल्याकडच्या संशोधन-पद्धतीच्या कार्यशाळांत तीन दिवस स्लाइड, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो होतो. माणूस दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसला की सगळं विरून जातं. इथे तसं होत नाही, कारण काम अर्धवट ठेवायची सोयच नाही. किमान ८० टक्के प्रशिक्षणार्थींनी मुदतीत निबंध पाठवावा, हे कोर्सने स्वतःवर घालून घेतलेलं माप आहे. ९० हून अधिक देशांतल्या लोकांनी हा कोर्स केला आहे.

दुसरी जमेची बाजू लेखकांच्या क्रमाची. ज्याचं काम त्याचं नाव पहिलं, मार्गदर्शक मागे. सरहद्दीपलीकडच्या भागीदारीत नमुने इथून, मजूर इथले आणि पहिलं नाव तिथलं हा प्रकार नवा नाही. हा नियम आधीच लिहून ठेवलेला असल्यामुळे शेवटी भांडण उरत नाही.

आता माता-आरोग्यात हा कोर्स प्रत्यक्ष कसा उतरतो ते एका उदाहरणातून पाहू.

बहुतेक जण पहिल्या दिवशी ‘सिझेरियन का वाढलं?’ असा प्रश्न घेऊन येतात. हा प्रश्न एका माणसाच्या एका वर्षात सुटणारा नाही. मार्गदर्शक तो घासून बारीक करतात: अमुक उपजिल्हा रुग्णालयात गेल्या वर्षी झालेल्या सर्व प्रसूतींची रॉबसन गटांत विभागणी कशी होते, प्रत्येक गटात सिझेरियनचं प्रमाण किती आणि पहिलटकरणींमध्ये नोंदवलेली कारणं कोणती. बाळंत होणाऱ्या सगळ्या बायांना दहा गटांत वाटणारं हे रॉबसन वर्गीकरण २००१ मध्ये मांडलं गेलं आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व रुग्णालयांसाठी सुचवलं. त्याला फक्त सहा गोष्टी लागतात: बाई पहिलटकरीण की आधी बाळंत झालेली, आधीचं सिझेरियन आहे का, कळा आपोआप आल्या की आणल्या की कळांआधीच शस्त्रक्रिया झाली, मूल एक की जुळी, ३७ आठवडे पूर्ण की नाही, आणि मूल डोक्याकडून, पायाळू की आडवं. कोर्सच्या चौकटीत बसणारा याहून चांगला विषय माता-आरोग्यात शोधून सापडणार नाही.

किती केस पेपर लागतील? सिझेरियनचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असेल आणि ३ टक्के इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेने ते सांगायचं असेल, तर साधारण ९०० प्रसूती पुरतात. पण आडव्या मुलांचा गट, म्हणजे रॉबसनचा नववा गट, शेकड्याला एकापेक्षाही लहान असतो. अशा गटांबद्दल काही बोलायचं तर नमुना न निवडता वर्षभराच्या सलग सगळ्या प्रसूती घ्याव्या लागतात. समजा त्या ३,००० आहेत. एका केस पेपराला तीन मिनिटं धरली तरी १५० तास. कोर्समध्ये दुहेरी नोंद शिकवतात, म्हणजे दोन माणसांनी वेगवेगळं भरायचं, म्हणजे ३०० तास. ड्यूटीनंतर रोज दोन तास दिले तरी प्रत्येकाचे ७५ दिवस. हा हिशेब पहिल्याच आठवड्यात मांडला नाही, तर चौथ्या महिन्यात माणूस गळतो. गळणाऱ्यांचं खरं कारण बहुधा हेच असतं, बुद्धी किंवा इंग्रजी नव्हे.

नोंदीसाठी कोर्स ‘एपिडेटा’ ही डेन्मार्कमध्ये विकसित झालेली मोफत प्रणाली वापरतो. एक्सेलच्या तुलनेत तिचा मोठा फायदा असा, की चुकीचा आकडा ती आत येऊच देत नाही. आईचं वय १२ ते ५५, बाळाचं वजन ४०० ते ६,००० ग्रॅम, गर्भाचे आठवडे २० ते ४४, अशा मर्यादा आधीच बांधता येतात. दोघांनी भरलेल्या फाइली ती एकमेकींशी पडताळते आणि जिथे फरक असेल तिथे मूळ कागद काढून निवाडा करायचा. इथे एक बारीक सापळा आहे. ‘नोंद नाही’ यासाठी ९ हा आकडा वापरायची जुनी सवय आहे. रॉबसनमध्ये गट ९ म्हणजे आडवं मूल. दोन्ही एकत्र झाले की विश्लेषणात अचानक आडव्या मुलांचा पूर येतो. रिकाम्या नोंदीला ९९ द्यावा.

या अभ्यासात चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. रजिस्टरात जी-२, पी-०, ए-१ (दोनदा गरोदर, प्रसूती शून्य, गर्भपात एक) असं लिहिलेली बाई गर्भपात झालेली असली तरी अजून बाळंत झालेली नाही, म्हणून ती पहिलटकरणीच्याच गटात जाते; ‘दुसरी खेप’ वाचून तिला भलत्या गटात टाकलं जातं. कळा आपोआप सुरू झाल्या आणि मग वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन लावलं, तर ती ‘आपोआप’च. केस पेपरवर सलाइनमधलं ऑक्सिटोसिन दिसलं की भरणारा तिला ‘कळा आणलेल्या’ गटात लोटतो आणि गट १ (आपोआप कळा आलेल्या पहिलटकरणी) रोडावून गट २ (कळा आणलेल्या किंवा कळांआधीच सिझेरियन झालेल्या पहिलटकरणी) फुगतो. ‘९ महिने पूर्ण’ या शेऱ्यावरून ३७ आठवडे ठरत नाहीत. शेवटच्या पाळीची तारीख किंवा सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी शोधावी लागते. या चुका पकडायची युक्तीही वर्गीकरणातच आहे. गट ९ मध्ये सिझेरियन १०० टक्के असायलाच हवं, कारण आडवं मूल खालून जन्मत नाही. ते ७० टक्के दिसलं तर पायाळू मुलं त्यात मिसळली आहेत. गट १ आणि २ मिळून साधारण ३५ ते ४२ टक्के, ३ आणि ४ (आधी बाळंत झालेल्या, पण आधीचं सिझेरियन नसलेल्या) मिळून ३० च्या आसपास, पायाळूंचे दोन्ही गट मिळून ३ ते ४ आणि जुळी दीड ते दोन टक्के असतात. मोठं संदर्भ रुग्णालय असेल तर हे आकडे हलतात, पण कारण सांगता आलं पाहिजे.

क्षयरोगात हा सगळा व्याप कमी असतो. तिथे रुग्णाचं एक कार्ड, उपचाराची ठरलेली मुदत आणि शेवट काय झाला याच्या ठरलेल्या व्याख्या असतात. गरोदर बाईची माहिती मात्र पाच ठिकाणी विखुरलेली: आरोग्यसेविकेचं रजिस्टर, माता-बाल संरक्षण कार्ड, लेबर रूमचं रजिस्टर, शस्त्रक्रियागृहाचं वेगळं आणि नवजात अतिदक्षता विभागाचं आणखी वेगळं. कार्ड तर बाईबरोबर घरी जातं. त्यात आपल्याकडची रीत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरी. तपासण्या सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती दुसऱ्याच जिल्ह्यात, नावही कधी माहेरचं तर कधी सासरचं. ‘तपासणीला आलेल्यांपैकी किती जणी संस्थेत बाळंत झाल्या’ असा प्रश्न घेतला, तर माहेरी गेलेल्या सगळ्या ‘गळालेल्या’ दिसतील आणि निष्कर्ष साफ चुकेल. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बायांचंही तेच. दिवाळीच्या सुमारास गाव सोडलं की नोंदीत सहा महिन्यांचं भगदाड. कोर्सच्या साच्यात अशा हालचालीला जागा नाही. मार्गदर्शक परदेशी असेल तर त्याला हे सुचणारही नाही. प्रशिक्षणार्थीने पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारी माता-बाल आरोग्य नोंदणीत गरोदर बाईला मिळणारा क्रमांक, दोन्हीकडे नीट उतरवलेला असेल तरच नोंदी जोडता येतात, नाही तर प्रश्न बदलावा.

मातामृत्यू हा विषय एका रुग्णालयाच्या रजिस्टरावर घेऊच नये. महाराष्ट्राचं प्रमाण २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. वर्षाला ३,००० प्रसूती होणाऱ्या ठिकाणी त्या हिशेबाने एखादाच मृत्यू येतो. शिवाय प्रकृती बिघडली की बाईला वर पाठवतात; मृत्यू मोठ्या रुग्णालयाच्या खात्यावर पडतो आणि खालच्या रजिस्टरात ‘रेफर’ एवढाच शब्द राहतो. त्याऐवजी मरणाच्या दारातून परत आलेल्या, ज्यांना ‘निअर मिस’ म्हणतात, त्या बाया मोजाव्यात. त्याचेही निकष ठरलेले आहेत. गर्भाशय काढावं लागणं किंवा पाच वा अधिक पिशव्या रक्त लागणं हे त्यांतले दोन.

एमएसएफच्या अशाच पद्धतीच्या कामातून बुरुंडीतल्या काबेझी जिल्ह्यातला एक अभ्यास पुढे आला होता. अडलेल्या बायांना रुग्णवाहिकेने तातडीच्या प्रसूतिसेवेत आणण्याची व्यवस्था तिथे होती आणि तिच्यामुळे मातामृत्यू ७४ टक्क्यांनी घटले असावेत असा अंदाज त्यात निघाला. आकडा मोठा आहे आणि त्याने लक्षही वेधलं. पण तो प्रत्यक्ष मोजलेला नाही. उपचार मिळाले नसते तर यांतल्या किती जणी दगावल्या असत्या, या गृहीतावर तो उभा आहे. रजिस्टरातून निघणाऱ्या उत्तराची ताकद आणि मर्यादा एकाच वेळी शिकवायला हे उदाहरण फार चांगलं आहे. इबोलाच्या साथीनंतर सिएरा लिओन, लायबेरिया आणि गिनीतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी झालेल्या तुकड्यांनी साथीच्या काळात प्रसूती आणि बालआरोग्य सेवांचं काय झालं ते रजिस्टरांतूनच काढलं. साथीत वेगळी पाहणी करायला माणसं नव्हतीच; रजिस्टर होतं. कोर्स इथे अगदी आपल्या जागी वाटतो.

परवानगीची बाजू भारतीय प्रशिक्षणार्थींना कोर्स पुरेशी शिकवत नाही. ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींचा अभ्यास आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारणपणे जलद पडताळणीत बसतो आणि संमतीतून सूट मागता येते. पण परदेशी संस्थेचा पैसा किंवा सहभाग असला, की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीच्या मंजुरीचा प्रश्न येतो आणि त्याचं वेळापत्रक कोर्सच्या वेळापत्रकाला विचारत नाही. आराखडा लिहायला बसण्याआधीच स्थानिक नैतिक समितीच्या सचिवांना गाठून कोणता मार्ग लागू आहे ते लेखी घ्यावं. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हेही त्याच फेरीत पाहावं. जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी वेगळी, आणि ती पदावरचा माणूस बदलला की बहुतेकदा नव्याने मागावी लागते.

गर्भपाताचा विषय असेल तर आणखी जपून. गर्भपाताचं दाखल-रजिस्टर कायद्याने गोपनीय कागद आहे. ते लेबर रूमच्या रजिस्टरासारखं उघडून बसता येत नाही. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने बाईची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला शिक्षेची तरतूद झाली आहे. संस्थेतच कुणी अधिकृत व्यक्तीने ओळख काढून आकडे दिले तर काम होऊ शकतं, पण तो रस्ता समितीपुढे आधी मांडायला हवा. १८ वर्षांखालच्या गरोदर मुलींच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातली पोलिसांना कळवण्याची सक्ती आड येते. वर्षभराच्या कोर्समध्ये हा विषय घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग हा कोर्स एखाद्या संस्थेची संशोधनक्षमता उभी करतो का? निम्मी करतो. उरलेली निम्मी काय असते ते बेळगावात दिसतं. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजची भागीदारी अमेरिकेच्या थॉमस जेफरसन विद्यापीठाशी आणि नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनची बोस्टन विद्यापीठाशी आहे. दोन्ही केंद्रं अमेरिकेच्या बाल-आरोग्य संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबल नेटवर्क’मध्ये आली. बेळगावच्या ग्रामीण भागात १,६२० बायांवर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाची चाचणी झाली. प्रसूतीनंतर ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या, देणाऱ्या एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला आणि तो निकाल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

त्या चाचणीसाठी रक्त मोजणं भाग होतं, म्हणून बाईच्या अंगाखाली पसरायची, खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची शीट बनवली गेली. नुसत्या नजरेने केलेला अंदाज त्या शीटच्या मापापेक्षा सुमारे ३३ टक्के कमी भरतो, हेही तिथेच दिसलं. रजिस्टरात एकाखाली एक ‘२०० मिली’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ यावरून कळावा. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ चाचणी झाली. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या निकालात मापाच्या शीटने रक्तस्राव लवकर ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केल्यावर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. बेळगावच्या शीटपासून तिथवर पोचायला दीड दशकाहून जास्त काळ लागला.

नागपूर आणि बेळगावच्या केंद्रांत गरोदर बाईची नोंद शक्यतो २० आठवड्यांच्या आत होते आणि प्रसूतीनंतर ४२ व्या दिवसापर्यंत तिची विचारपूस होते. हे करणाऱ्या बाया वर्षानुवर्षं त्याच गावांत फिरतात. त्या होत्या म्हणून सहा देशांत ११,९७६ बायांना ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा नकली गोळी देणारी चाचणी होऊ शकली. त्यात अपुऱ्या दिवसांचे जन्म १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आले. दोन प्रकल्पांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत या बायांचा पगार कोण देतं, यावर संस्थेची खरी क्षमता ठरते. ‘सॉर्ट-इट’ एका माणसाला तयार करतो आणि तो माणूस बदली होऊन गेला की रुग्णालय होतं तिथेच येतं. म्हणून एका संस्थेतून एकच जण पाठवू नये. एक डॉक्टर आणि एक सिस्टर पाठवावी. कायम रजिस्टर भरणारी सिस्टर प्रश्नाच्या बाबतीत बहुतेकदा डॉक्टरपेक्षा पुढे असते. तुकड्यांमध्ये डॉक्टर आणि कार्यक्रम-अधिकाऱ्यांचीच गर्दी दिसते, हा कोर्सचा मोठा दोष आम्हाला वाटतो. प्रवेशाची अट इंग्रजी किंवा फ्रेंच लिहिता येण्याची. ज्यांच्या हातून नोंद होते त्या बऱ्याच जणी तिथेच बाहेर राहतात.

परिणामाच्या दाव्यांबद्दलही एक सांगायला हवं. या कोर्समधून आलेल्या निबंधांनी धोरण किंवा कामाची पद्धत बदलली, असं मोजणारे जे अभ्यास आहेत ते मुख्यतः निबंधाच्या लेखकांनाच विचारून केलेले आहेत. ते आकडे उत्साह वाढवतात, पण पुरावा म्हणून कच्चे आहेत.

हातात स्वतःची नोंद नसेल, नुकतंच शिक्षण संपलं असेल किंवा रजा मिळत नसेल, तर जिनिव्हाच्या जीएफएमईआर या प्रतिष्ठानाचा प्रजनन-आरोग्य संशोधनाचा दूरस्थ अभ्यासक्रम आधी करावा. विषयाची ओळख तो जास्त रुंद करून देतो. कुटुंबनियोजन, किशोरवयीनांचं आरोग्य, लैंगिक संसर्ग हे सगळं त्यात येतं. पण आराखड्यापाशी थांबणारे तिथे जास्त, कारण मागे लागणारं कुणी नसतं. पीएचडीपर्यंत जायचं असेल तर १९७२ पासून चालत आलेल्या ‘एचआरपी’ या मानवी प्रजननावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या संशोधन कार्यक्रमाची प्रादेशिक केंद्रं आहेत: खोन केन, हनोई, कराची, अक्रा, नैरोबी, कांपिनास. आपल्याला कराची व्हिसामुळे दूरच. थायलंडचं खोन केन त्यामानाने सोपं.

पैशाचं गणित संस्थेच्या विश्वस्तांनी आधी समजून घ्यावं. परकी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. एक मोठी संस्था पैसा घेईल आणि छोट्या चार संस्थांना वाटेल, ही जुनी रचना त्यामुळे मोडली. आता प्रत्येकीची स्वतंत्र नोंदणी, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं, किंवा प्रशिक्षणाचा खर्च आयोजकांनी थेट तिकडूनच करणं, एवढेच मार्ग उरतात. प्रवास आणि निवास आयोजकच देत असतील तर बरं. डेटा भरणाऱ्या माणसाचं मानधन आणि छपाई बहुधा संस्थेच्या खिशातून जाते, त्याची तरतूद अर्जाबरोबरच करावी.

अर्ज करण्याआधी एका दुपारचं काम करून पाहा. गेल्या महिन्यातले सलग ५० केस पेपर काढा. निवडून घेऊ नका, सलगच घ्या. रॉबसनच्या सहा गोष्टी प्रत्येकात सापडतात का ते एका कागदावर खुणा करत मोजा. ४५ किंवा जास्त पेपरांत सहाही सापडल्या तर अर्ज भरा, प्रश्न तयारच आहे. ३० ते ४४ असतील तर कोणती गोष्ट गळते ते पाहा; बहुधा आठवडे किंवा कळा कशा सुरू झाल्या हीच दोन खाती रिकामी असतात. लेबर रूमच्या सिस्टरांबरोबर बसून रजिस्टरात त्या दोन खात्यांसाठी रकाने आखा, रॉबसनचे दहा गट मराठीत लिहून भिंतीवर लावा आणि सहा महिने भरू द्या. पुढच्या तुकडीला अर्ज करताना त्या सहा महिन्यांची नोंद हातात असेल, आणि मागची चार वर्षं उकरत बसण्यापेक्षा ती कितीतरी अधिक विश्वासाची असेल. ३० च्याही खाली असाल तर यंदा अर्ज करू नका.